गच्चीवरच्या शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत पाणी: सोसायटीच्या हायड्रंटची तपासणी आणि देखभाल

ठाण्यातील आमच्या १२ मजली सोसायटीचा सचिव म्हणून मी कारभार हाती घेतला, तेव्हा अग्निशमन यंत्रणेची फाइल अगदी व्यवस्थित होती. चालू सहामाहीचे प्रमाणपत्र लावलेले होते, पंप रूममधील पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ८ वर (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) स्थिर होता आणि प्रत्येक मजल्यावरची लाल पेटी पुसलेली होती. एका रविवारी आम्ही तिघांनी गच्चीवरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायला पाणी घेण्याचा व्हॉल्व्ह, प्रत्यक्ष उघडून पाहायचे ठरवले. त्याचे चाक हाताने फिरेना, म्हणून प्लंबरला बोलवावे लागले, आणि व्हॉल्व्ह उघडला तेव्हा वाटीभर तांबूस पाणी गळून थांबले. शोध घेतल्यावर कळले, की काही महिन्यांपूर्वी गळती काढताना रायझरच्या, म्हणजे मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपच्या, पायथ्याचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह (दांडीने उघड-बंद होणारा) बंद केला होता आणि काम झाल्यावर तो उघडायचे राहून गेले होते. गेज त्या बंद व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला बसवलेले होते. ते दाखवत होते तो दाब खराच होता, पण तो पंप रूमपुरताच होता.

त्या दिवसापासून आमच्या समितीने एक नियम केला आणि तो आजवर पाळला आहे: यंत्रणा चालू आहे की नाही, हे सर्वांत वरच्या व सर्वांत लांबच्या व्हॉल्व्हवर पाणी पाहूनच ठरवायचे. पुढे लिहिलेले सारे या एका नियमाच्या अनुषंगाने आले आहे आणि ते मुख्यतः महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांसाठी आहे.

जबाबदारी कोणाची

अनेक सभासदांची प्रामाणिक समजूत असते, की इमारतीतील हायड्रंट महापालिकेचे आहेत आणि त्यांची निगा अग्निशमन दलाने राखायची आहे. रस्त्यावरचा हायड्रंट सार्वजनिक असतो. कुंपणाच्या आतला प्रत्येक हायड्रंट, पंप, टाकी आणि पाइप मात्र खासगी मालमत्ता असून त्याची देखभाल मालकानेच करायची असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याच्या कलम ३ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सदैव सुस्थितीत आणि कार्यक्षम ठेवणे हे मालकाचे किंवा भोगवटादाराचे कर्तव्य आहे. हा अधिनियम ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला आणि त्याखालील नियम २००९ मध्ये आले. सोसायटीकडे इमारतीचा ताबा आलेला असेल तर हे कर्तव्य सोसायटीचे आहे. ताबा अजून विकसकाकडे असेल तर ते त्याचे आहे, आणि अशा वेळी हस्तांतरणाच्या यादीत हायड्रंट यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी लेखी स्वरूपात घालून घेणे फार महत्त्वाचे ठरते.

त्याच कलमात दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या आहेत. यंत्रणा बसवल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन ते मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचे असते. व्यवहारात त्याला ‘फॉर्म ए’ म्हणतात. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘फॉर्म बी’, सादर करायचा असतो. आग प्रतिबंधक साधनांमध्ये फेरफार करणे, ती काढणे किंवा त्यांचे नुकसान करणे यालाही याच कलमाने मनाई केली आहे. व्हॉल्व्हसमोर चपलांचे कपाट उभे करणारा किंवा घराच्या नूतनीकरणात रायझर प्लायवूडने झाकून टाकणारा सभासद नुसती शिस्त मोडत नसतो, हे त्याला शांतपणे पण लेखी कळवावे.

अधिनियमाचा भंग केल्यास किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कारावास, तसेच २०,००० ते ५०,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. मी सभेत ही तरतूद वाचून दाखवतो, कारण देखभालीचा खर्च मंजूर करून घेताना तिचा उपयोग होतो. पण कोणत्याही समितीने केवळ शिक्षेच्या भीतीने हे काम करू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्या इमारतीत नेमके काय असायला हवे, हे शेजारच्या इमारतीकडे पाहून ठरवू नये. इमारतीला बांधकामाच्या वेळी अग्निशमन विभागाने दिलेले ना हरकत प्रमाणपत्र शोधून काढावे. त्यात टाकीची क्षमता, पंपांची संख्या व क्षमता, रायझरचा प्रकार आणि हायड्रंटच्या जागा लिहिलेल्या असतात. मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, तर राज्याच्या बहुतेक इतर शहरांत २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. तांत्रिक बाबतीत राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ आधार धरला जातो. आतील हायड्रंट आणि होज रील (गुंडाळलेली बारीक रबरी नळी) यांच्या देखभालीसाठी भारतीय मानक आयएस ३८४४ आणि आवारातील हायड्रंटसाठी आयएस १३०३९ आहे. जुन्या इमारतीचे ना हरकत प्रमाणपत्र हरवले असेल तर अग्निशमन विभागाकडे किंवा नगररचना विभागाकडे त्याच्या प्रतीसाठी अर्ज करावा, कारण त्याशिवाय पुढची प्रत्येक तपासणी अंदाजाने होते.

पाण्याच्या वाटेने चाला

यंत्रणा समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे टाकीपासून गच्चीपर्यंत पाणी ज्या वाटेने जाते त्या वाटेने स्वतः चालणे. पहिल्या फेरीत सोबत प्लंबर, पंपाचे काम पाहणारा माणूस आणि सुरक्षारक्षकांपैकी एक जण असावा. आम्ही ही फेरी खडूने खुणा करत केली होती आणि नंतर त्या खुणांवरून एक साधा नकाशा काढून पंप रूमच्या भिंतीवर लावला.

सुरुवात भूमिगत टाकीपासून होते. आगीसाठीचे पाणी राखीव असते आणि ते घरगुती वापरात जाता कामा नये. योग्य रचनेत महापालिकेचे पाणी आधी आगीच्या टाकीत पडते, ती भरली की वरून वाहून घरगुती टाकीत जाते. त्यामुळे आगीची टाकी सतत भरलेली राहते आणि तिच्यातील पाणी साचून सडत नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत काही ठिकाणी आगीच्या टाकीत तात्पुरता पंप सोडून पाणी उपसले जाते. ही तात्पुरती सोय पुढे कायमची होते, म्हणून टाकीचे झाकण कुलूपबंद ठेवून किल्लीची नोंद ठेवावी.

त्यानंतर पंप येतात. जॉकी पंप लहान असतो. पाइपमध्ये किरकोळ गळतीने कमी होणारा दाब तो भरून काढतो. मुख्य पंप मोठा, विजेवर चालणारा असतो आणि हायड्रंट उघडल्यावर दाब एकदम खाली आला की तो सुरू व्हायला हवा. मोठ्या इमारतीत वीज गेल्यावर चालणारा डिझेल पंप असतो. येथे एक गोष्ट विसरू नये: मुख्य पंप आपोआप सुरू होतो, पण तो आपोआप बंद होऊ नये, माणसाने हातानेच बंद करावा, अशी रचना असते. आग विझवत असताना पंप मध्येच थांबू नये, यासाठी ती आहे. शिवाय मुख्य पंपाचा वीजपुरवठा इमारतीच्या मुख्य स्विचच्या अलीकडून, स्वतंत्र असायला हवा. आग लागल्यावर जवान सर्वप्रथम इमारतीची वीज तोडतात, आणि तेवढ्यात पंपही बंद पडला तर वरच्या मजल्यावर कोरडे नोझल (नळीचे फवारा सोडणारे टोक) हाती घेऊन उभे राहण्याची वेळ येते. आपल्या पंपाचा वीजपुरवठा कुठून येतो, हे इलेक्ट्रिशियनला दाखवायला सांगा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

पंप रूममधून पाइप रायझरमध्ये चढतो. या मार्गावरील प्रत्येक बटरफ्लाय व्हॉल्व्हची दांडी पाहावी. दांडी पाइपच्या दिशेला समांतर असेल तर व्हॉल्व्ह उघडा, आडवी असेल तर बंद. आम्ही प्रत्येक दांडीला साखळी आणि छोटे कुलूप लावून ती उघड्या स्थितीत बांधली आहे आणि पाइपवर पांढऱ्या रंगाने ‘उघडा’ असे लिहिले आहे. सारा खर्च पाचशे रुपयांच्या आत झाला, आणि माझ्या मते या सोसायटीत आगीसाठी झालेला हा सर्वांत उपयोगी खर्च आहे.

आठवड्याची फेरी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंप रूममध्ये जावे. पॅनेलवरचा निवडक स्विच ‘ऑटो’वर आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. जॉकी पंपाच्या आवाजाची तळमजल्यावरून तक्रार आली, की कोणीतरी तो स्विच ‘मॅन्युअल’वर किंवा ‘ऑफ’वर नेतो आणि मग महिनोन्‌महिने तो तसाच राहतो. जॉकी पंप वारंवार सुरू होत असेल तर आवाजाचा उपाय म्हणून स्विच बंद करू नये. त्याचा अर्थ पाइपमध्ये कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून काढावी. आमच्याकडे तो दर सात-आठ मिनिटांनी सुरू होत होता, आणि कारण निघाले सातव्या मजल्यावरच्या एका व्हॉल्व्हचा झिजलेला वॉशर.

गेजवरील आकडे वहीत लिहावेत. आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे: पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. आमची इमारत साधारण ३६ मीटर उंच आहे, म्हणजे नुसते पाणी गच्चीपर्यंत नेऊन ठेवायलाच ३.६ दाब लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सर्वांत वरच्या आणि लांबच्या हायड्रंटवर किमान ३.५ दाब मिळायला हवा. दोन्हींची बेरीज ७.१ होते. म्हणून आमचा जॉकी पंप दाब ८ वर धरून ठेवतो, ७ वर आला की सुरू होतो, आणि मुख्य पंप ५.५ वर सुरू होतो. तुमच्या इमारतीची उंची मोजून हाच हिशेब करा आणि आलेले आकडे पॅनेलवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही काटा चुकीच्या जागी आहे हे कळेल.

डिझेल पंप असेल तर तो आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष सुरू करावा. इंधनाची पातळी, बॅटरीची स्थिती, इंजिनातील तेल आणि थंड करणारे पाणी हे सुरू करण्याआधी पाहावे. मोठा पंप बंद व्हॉल्व्हवर फार वेळ चालवला तर आतले पाणी तापते आणि सील खराब होते, म्हणून टाकीकडे परत जाणारी चाचणीची नळी उघडूनच तो चालवावा. अशी नळी नसेल तर ती बसवून घ्यावी; तिच्यामुळे पाणीही वाया जात नाही आणि ‘उन्हाळ्यात चाचणी कशाला’ हा आक्षेप उरत नाही.

फेरीत जिन्यांमधून वर जाताना प्रत्येक मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह (त्या मजल्याचा हायड्रंट) आणि होज व नोझल ठेवण्याची लाल पेटी नजरेखालून घालावी. पेटीला कुलूप असू नये. काचेची पेटी असेल तर काच शाबूत असावी. पेटीत झाडू, फिनेल, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवलेले दिसले तर ते त्याच क्षणी बाहेर काढावेत. पितळी आणि गनमेटलचे नोझल चोरीला जाण्याचे प्रमाण बरेच आहे, म्हणून प्रत्येक नोझलवर मजल्याचा क्रमांक कोरून ठेवलेला बरा.

वरच्या मजल्यावरची चाचणी

महिन्यातून एकदा करायची ही चाचणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. तिला चार माणसे लागतात: एक पंप रूममध्ये, दोघे गच्चीवर आणि एक आवारात. फोनची रेंज पंप रूममध्ये नसेल तर निरोप्या म्हणून पाचवा हवा. लहान मुले गच्चीवर नकोत, आणि पाणी जिथे पडेल त्या बाजूखाली गाड्या नकोत.

प्रथम गच्चीवरच्या व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडाच्या आत बोट फिरवावे. व्हॉल्व्हचे ६३ मिलिमीटर तोंड हे ‘फिमेल’ कपलिंग (आत टोक अडकवण्याचा जोड) असते आणि त्याच्या आत रबरी वॉशर बसलेला असतो. गच्चीवरच्या उन्हात हा वॉशर वाळून तडकतो. बोटाला खडबडीत लागला किंवा त्याचा भुगा निघाला, तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण सांध्यातून फवारा उडतो आणि नोझलवर दाबच राहत नाही. मग होजचे, म्हणजे आग विझवण्याच्या जाड नळीचे, ‘मेल’ टोक त्यात सरळ दाबावे. ‘खट’ असा आवाज आला की कपलिंग बसले. एकदा मागे ओढून खात्री करावी. सोडवताना दोन्ही बाजूंचे कान एकाच वेळी ओढावे लागतात, आणि ते गंजून घट्ट झालेले असतील तर चाचणीत ते उघड होणे हेच बरे.

होज पूर्ण उलगडावा; त्यात पीळ किंवा घडी राहू देऊ नये. दुसऱ्या टोकाला प्रेशर गेज बसवलेला ब्रांच पाइप (हातात धरायची धातूची नळी) आणि नोझल लावावे. नोझल दोघांनीच धरावे, एकट्याने कधीही नाही. २० मिलिमीटरच्या नोझलमधून ३.५ दाबाने पाणी सुटते तेव्हा धरणाऱ्यावर साधारण २० किलोंहून अधिक रेटा मागच्या बाजूला बसतो, आणि हातातून सुटलेले पितळी नोझल एखाद्याचे डोके फोडू शकते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण चाचणीत दुखापत झाली की पुढची चाचणी कोणी करत नाही.

आता व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. झटक्याने उघडल्यास पाइपमध्ये पाण्याचा दणका बसतो आणि जुने सांधे सुटतात. प्रथम हवा आणि तांबूस पाणी येईल. पाणी स्वच्छ होईपर्यंत ते वाहू द्यावे. याच वेळी खालच्या माणसाने पाहायचे आहे, की दाब उतरताना आधी जॉकी पंप आणि मग मुख्य पंप कोणीही हात न लावता सुरू झाला का, आणि किती सेकंदांत. मुख्य पंप सुरू झाल्यावर गच्चीवरचा दाब वाचावा. तो ३.५ च्या खाली असेल तर यंत्रणा अपुरी आहे, मग पंप रूमचे गेज काहीही सांगो. पाणी शक्य असेल तर बागेकडे न्यावे. त्यात गंज असल्यामुळे ते पिण्याच्या टाकीत मात्र सोडू नये.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर मुख्य पंप चालूच राहायला हवा. तो आपोआप थांबला तर पॅनेलची जोडणी चुकली आहे. पंप हाताने बंद करून स्विच पुन्हा ‘ऑटो’वर आणावा, आणि ‘ऑटो’वर आणल्याचे दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहून वहीत सही करावी. चाचणीनंतर स्विच ‘ऑफ’वर राहून गेल्याचे मी दोन ठिकाणी पाहिले आहे.

दरमहा गच्ची, आणि त्याबरोबर पाळीपाळीने एक-दोन मजल्यांचे व्हॉल्व्ह, अशी विभागणी केली तर वर्षभरात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा तरी उघडला जातो. खालच्या मजल्यांवर दाब स्वाभाविकपणे जास्त असतो. तो आवरण्यासाठी तिथे छिद्र असलेली चकती बसवलेली असते. दुरुस्तीत ती चकती काढून टाकली गेली तर तळमजल्यावरचा होज आवरता येत नाही, म्हणून प्लंबरने काम केले की तिची चौकशी करावी.

ओला झालेला होज तसाच गुंडाळून पेटीत कोंबू नये. तो सावलीत लोंबकळत ठेवून पूर्ण वाळवावा, मग मधोमध दुमडून दुहेरी गुंडाळी करावी, म्हणजे दोन्ही कपलिंग बाहेरच्या बाजूला राहतात आणि एका फेकीत होज उलगडतो. दर वेळी घडीची जागा थोडी बदलावी, कारण एकाच घडीवर रबराचा आतला थर तडकतो. पेटीत साधारणपणे १५ मीटरचे दोन होज आणि एक नोझल असायला हवे.

रहिवाशांनी आग लागल्यावर हा मोठा होज हाताळण्याचा प्रयत्न करू नये, असे मी प्रत्येक सभेत सांगतो. त्यांच्यासाठी शेजारची होज रील असते. तिची बारीक रबरी नळी एका माणसाला आवरते. मोठा हायड्रंट जवानांसाठी आहे, आणि त्यांनी आपला होज जोडला की पाणी तयार असणे, एवढेच आपले काम आहे. आगीच्या वेळी पहिला फोन १०१ किंवा ११२ वर जावा, सचिवाला नव्हे.

आवारातील हायड्रंट आणि बंबाचा इनलेट

आवारातील हायड्रंटचा शत्रू पार्किंग आहे. हायड्रंटभोवती किमान एक माणूस मोकळेपणाने वाकून काम करू शकेल एवढी जागा पिवळ्या रंगाने आखावी आणि ती कोणालाही, अगदी पाहुण्यांच्या दुचाकीलाही, देऊ नये. जमिनीखालच्या व्हॉल्व्हचे चेंबर पावसाळ्यात चिखलाने भरते. मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास ते उघडून साफ करावे आणि व्हॉल्व्हच्या दांडीला ग्रीस लावावे. किनारपट्टीच्या शहरांत खाऱ्या वाऱ्याने पाइप बाहेरून लवकर गंजतो. गंज खरवडून, प्रायमर देऊन मग लाल रंग द्यावा. गंजावरच रंग चढवला तर तो फक्त छायाचित्रापुरता टिकतो.

फाटकाजवळ किंवा वाहनमार्गाच्या कडेला ६३ मिलिमीटर तोंडांचा इनलेट असतो. आपले पंप बंद पडले तर बंबाचा पंप याच तोंडातून रायझरमध्ये पाणी चढवतो, त्यामुळे ही इमारतीची दुसरी जीवनवाहिनी आहे. त्याच्या टोप्या जागेवर असाव्यात, नाहीतर आत दगड, बाटल्यांची बुचे आणि चिमण्यांची घरटी सापडतात. यंत्रणा दाबाखाली असताना टोपी काढल्यावर पाणी ठिबकत असेल, तर आतला एकमार्गी व्हॉल्व्ह झिजला आहे. कोणता इनलेट कोणत्या विंगसाठी आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. धुरात आणि अंधारात जवानाला ते शोधायला लागू नये.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या सप्ताहाच्या आधी महिनाभर जवळच्या अग्निशमन केंद्राला पत्र देऊन सोसायटीत सराव घेण्याची विनंती करावी. आमच्या सरावात बंब आवारात वळतच नाही हे लक्षात आले, आणि फुलझाडांचे दोन वाफे आम्ही त्याच आठवड्यात हलवले.

यंत्रणा बंद ठेवावी लागली तर

गळती, टाकीची सफाई किंवा पंपाची दुरुस्ती यासाठी यंत्रणा काही तास किंवा दिवस बंद ठेवावी लागते. त्या काळात कोणता भाग बंद आहे, कधीपासून, कोणी केला आणि कधी चालू होणार, याची पाटी पंप रूमच्या दारावर आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलावर असावी. शक्य असेल तर एक विंग बंद करून बाकीचे चालू ठेवावे, अग्निशमन केंद्राला कळवावे आणि त्या दिवसांत वेल्डिंगसारखी कामे करू देऊ नयेत. काम संपल्यावर कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याआधी गच्चीवरची चाचणी पुन्हा करावी. आमच्या बाबतीत ती एक चाचणी झाली असती तर रायझर इतके महिने कोरडा राहिला नसता.

एजन्सी आणि फॉर्म बी

प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीला महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांचा परवाना लागतो. परवाना चालू आहे का आणि तो हायड्रंट यंत्रणेच्या कामासाठी आहे का, हे करार करण्यापूर्वी पाहावे. वार्षिक करारात भेटींची संख्या, कोणते सुटे भाग किमतीत धरले आहेत, बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस येईल, आणि फॉर्म बी देण्यापूर्वी समितीच्या प्रतिनिधीसमोर सर्वांत वरच्या हायड्रंटवर दाब मोजला जाईल, हे सारे शब्दांत लिहून घ्यावे. प्रत्यक्ष सुस्थिती नसताना प्रमाणपत्र देण्यास अधिनियमातच मनाई आहे. ‘या, सही करून घेऊन जा, यायची गरज नाही’ असे सांगणारी एजन्सी स्वस्त पडते. तिच्याशी करार करू नये.

जानेवारीची वाट न पाहता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैसाठी जूनमध्ये तपासणी करून घ्यावी, म्हणजे सापडलेले दोष दुरुस्त करायला तीन-चार आठवडे मिळतात. उपविधींनुसार समितीला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय ठरावीक मर्यादेपर्यंतच खर्च करता येतो, म्हणून पंप किंवा रायझर बदलण्यासारखी मोठी कामे वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत वेळेवर घालावीत. फॉर्म बी ऑनलाइन द्यायचा की केंद्रावर, हे आपल्या महापालिकेच्या पद्धतीनुसार ठरते. पोच मात्र जपून ठेवावी.

नामनिर्देशित अधिकारी (अधिनियमाखाली पाहणीसाठी नेमलेले) तीन तासांची सूचना देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत इमारतीची पाहणी करू शकतात. त्यांना अडवू नये, आणि त्यांच्यासोबत फाइल घेऊन फिरण्यापेक्षा पंप रूमची किल्ली घेऊन फिरावे. दोष आढळल्यास ते उपाययोजनेची मुदत असलेली नोटीस देतात. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास आणि धोका गंभीर असल्यास इमारत रिकामी करण्याचे, वीज वा पाणी तोडण्याचे अधिकारही अधिनियमात आहेत. नोटिशीतील प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्यावे, काम झाल्याची तारीख लिहावी आणि गच्चीवर मोजलेल्या दाबाचे छायाचित्र जोडावे.

हे सारे ज्या वहीत लिहिले जाते ती वही सचिवाच्या कपाटात न ठेवता पंप रूममध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला अडकवून ठेवावी. तारीख, गेजचे आकडे, मुख्य पंप सुरू व्हायला लागलेले सेकंद, गच्चीवरचा दाब, स्विच ‘ऑटो’वर पाहणाऱ्याची सही आणि आढळलेला दोष एवढे सहा रकाने पुरतात. समिती बदलली की जुन्या सचिवाने नव्या सचिवाला ही वही पंप रूममध्येच सोपवावी, आणि त्या दिवसाच्या चाचणीची नोंद नव्या सचिवाने स्वतःच्या हाताने करावी.